स्वस्त फ्लॅट पेडल घेताना: आधी पिना, मग ॲक्सल, रंग सगळ्यात शेवटी

माउंटन बाइकसोबत येणारी पेडलं बहुतेक वेळा नुसती जागा भरायला असतात. घेणारा ती बदलणार हे कंपनीलाही ठाऊक असतं. प्लॅस्टिकचा ठोकळा, त्यावर साच्यातच उठवलेले बोथट दात आणि आत नावापुरतं ग्रीस लावलेले छर्रे. सपाट रस्त्यावर तक्रारीला जागा नसते. ओल्या मुळांवरून उतरताना मात्र पाय कधी सुटला, ते नडगीवर पेडल आदळल्यावरच कळतं.

म्हणजे बदलायची हे ठरलेलं. प्रश्न एवढाच की कमी पैशांत कोणती फ्लॅट पेडलं, म्हणजे बुटाला न अडकणारी सपाट पेडलं, घ्यायची. मत आधीच सांगून टाकतो: बजेट कमी असेल तर स्वस्त ॲल्युमिनियमच्या नादी लागू नका. तेवढ्याच पैशांत नायलॉन कंपोझिटचं, बदलता येणाऱ्या पोलादी पिनांचं आणि क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनमचं मजबूत पोलाद) ॲक्सलचं, म्हणजे ज्या दांड्यावर पेडल फिरतं त्याचं, पेडल मिळतं. ते दिसायला साधं असतं, पण ट्रेलवर जवळजवळ प्रत्येक बाबतीत उजवं ठरतं.

पकड पिनांमध्ये असते

दुकानात हात आधी रंगाकडे जातो. तो आवरा आणि पेडल आडवं धरून पिना बघा. पहिली चाळणी इथेच लागते: पिना वेगळ्या बसवलेल्या धातूच्या आहेत की बॉडीतूनच उठवलेल्या प्लॅस्टिकच्या? साच्यातल्या पिना काही महिन्यांत गोलसर होतात, आणि एकदा झिजल्या की पेडलच बदलावं लागतं. पोलादी पिन मोडली तर एक पिन बदलायची, काम संपलं.

एका बाजूला ८ ते १० पिना पुरेशा असतात. आकडा वाढला म्हणून पकड वाढतेच असं नाही, कारण खरी कामाची पिन असते ती पुढच्या आणि मागच्या काठावरची. चवडा पेडलवर टेकतो तेव्हा बुटाचा तळ किंचित वाकतो आणि दोन्ही काठांवर रुततो. ॲक्सलच्या डोक्यावर बसवलेल्या मधल्या पिना उलटंच करतात: त्या बूट उचलून धरतात आणि काठावरच्या पिनांना नीट रुतू देत नाहीत. तपासायला एक पोलादी पट्टी पुरते. पट्टी पिनांच्या टोकांवर पुढून मागे आडवी ठेवा. आधी मधल्या पिना टेकल्या आणि पट्टी सीसॉसारखी डुलली, तर पेडल बहिर्वक्र आहे. पट्टी दोन्ही टोकांना टेकली आणि मध्ये फट राहिली, तर खोलगट आहे आणि तेच हवं. स्वस्तातली बहुतेक पेडलं या दोहोंच्या मध्ये, जवळपास सपाट असतात. मधल्या दोन-चार पिना काढून टाकल्या तर त्यांतली बरीचशी चांगलीच सुधारतात. फुकटातला हा बदल फारसं कुणी करत नाही, याचं नवल वाटतं.

उंची बघायची तर बॉडीच्या वर ४ ते ५ मिलिमीटर निघालेली पिन खडबडीत उतारासाठी योग्य. नवखा चालवणारा असेल, तळ फार मऊ असेल किंवा सायकल रोज साध्या बुटांवरही चालवायची असेल, तर ३ मिलिमीटर पुरे. लांब पिनांवर पाय एकदा ठेवला की चिकटल्यासारखा बसतो. जागा थोडी चुकली तर पाय सरकवता येत नाही, उचलूनच ठेवावा लागतो. उंची कमी करायची असेल तर पिनेच्या डोक्याखाली एक मिलिमीटरचा वॉशर टाकतात. अर्थात हे डोकं असलेल्या पिनांनाच जमतं.

पिन बसवण्याच्या मुख्य पद्धती दोन. एकीत बिनडोक्याचा स्क्रू वरून आत जातो आणि त्याच्या टोकालाच ॲलन कीचं भोक असतं. त्या भोकाची गोल कड तळात छान चावते, पण दगडावर आपटून तीच कड चेपली तर ॲलन की आत जात नाही आणि पिन काढता येत नाही. दुसरीत पिन उलट्या बाजूने येते. तिचं डोकं खाली खाचेत सुरक्षित राहतं आणि टोक वर निघतं. टोक पार मोडलं तरी खालून ती सहज निघते. दोन पेडलांत बाकी सगळं सारखं असेल तर खालून बसणाऱ्या पिनांचं घ्या.

नायलॉन बॉडीत पिन बसवताना थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा द्रव, लावायचा मोह होतो. तो टाळा. हे रसायन दोन धातूंच्या आट्यांमध्ये हवा बंद झाल्यावर घट्ट होतं. प्लॅस्टिकमध्ये ते नीट वाळत नाही, आणि काही प्लॅस्टिकांना त्याने तडेही जातात. नायलॉन मुळातच आटे आवळून धरतं, त्याला मदतीची गरज नसते. ॲल्युमिनियमच्या बॉडीत मात्र निळा, म्हणजे मध्यम ताकदीचा, एक थेंब लावायला हरकत नाही.

नायलॉन की ॲल्युमिनियम

पेडल बनवणाऱ्याकडे ठरावीक पैसे असतात. ॲल्युमिनियमची बॉडी घडवून, मशीनवर कापून, रंगवून द्यायची म्हटली की त्यातले बरेच बॉडीवरच संपतात. उरलेल्यात ॲक्सल आणि बेअरिंग भागवावी लागतात. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची बॉडी साच्यातून एका फटक्यात निघते आणि आतल्या सामानाला पैसे उरतात. स्वस्त गटात कंपोझिट पुढे आहे त्याचं कारण हे इतकं साधं आहे.

दुसरं कारण दगड. पेडल दगडाला घासलं तर नायलॉन सरकून पुढे जातं, ॲल्युमिनियम चावून अडकतं. अडकलेलं पेडल म्हणजे एका बाजूने अचानक लागलेला ब्रेक. नायलॉनवर ओरखडे उठतात, कडा केसाळ होतात, दिसायला ते लवकर जुनं होतं. कामात फरक पडत नाही.

नायलॉनचा दोष एकच, पण तो खरा आहे. पिन थेट प्लॅस्टिकच्या आट्यांत बसवलेली असेल आणि तिच्यावर कडेने जबर दणका बसला, तर पिनेबरोबर आटेही उपटून येतात. मग त्या भोकात नवी पिन डुगडुगते. भोक आरपार असेल तर मूळ पिनेच्या जागी त्याच जाडीचा लांब स्क्रू घालून मागून नट लावता येतो. आंधळं भोक असेल तर एक माप जाड पिन हलक्या हाताने फिरवत बसवावी. एका पेडलवर अशी एखादी दुरुस्ती चालते. तीन-चार झाल्या तर बॉडीनेच हात टेकले असं समजा.

ओतीव ॲल्युमिनियमचं, नावगाव नसलेलं, झगमगीत रंगाचं पेडल मात्र घेऊच नका. बारीक फासळ्यांचा तो जाळीदार साचा आघाताने वाकत नाही, तुटतो. तुटलेल्या फासळीची धार पिनेपेक्षा वाईट.

माप आणि जाडी

पेडल बुटाच्या मापावर घ्यावं. युरोपीय ४० किंवा त्याखालच्या बुटाला १०० मिलिमीटरच्या आसपासचा चौरस पुरतो. ४३ च्या वरच्या पायाला ११० ते ११५ मिलिमीटर लांबी हवी, नाहीतर चवड्याच्या दोन्ही बाजू लोंबतात आणि लांब उतारावर तळवा दुखतो. मोठं घेतलेलं बरं हा विचार इथे नडतो. रुंद पेडलची बाहेरची कड वळणावर आधी जमिनीला लागते आणि अरुंद वाटेत दगडावर आदळते.

जाडीचं गणित अनेकांच्या नजरेतून सुटतं. पाय ॲक्सलच्या मध्यापासून जितका उंच, तितकं पेडल पायाखाली उलटायला बघतं. जुनी पेडलं २५ ते ३० मिलिमीटर जाड असत. आजची चांगली कंपोझिट १८ मिलिमीटरच्या आसपास आहेत. २८ वरून १८ वर आलात तर तळ ५ मिलिमीटर खाली येतो आणि पेडलखालची मोकळी जागा ५ मिलिमीटरने वाढते. पण याचा अर्थ असाही की सीटही ५ मिलिमीटर खाली घ्यायला हवी. नवी पेडलं लावल्यावर गुडघ्यामागे ताण जाणवू लागला की लोक पेडलला दोष देतात, आणि सीटपोस्ट मात्र जुन्याच खुणेवर असतो.

कोणती घ्यावी

रेस फेस चेस्टर. कॅनडाच्या या कंपनीचं हे पेडल या गटाचं मोजमापच बनलं आहे. बाकीच्यांची तुलना याच्याशी होते. ११० × १०१ मिलिमीटर, जोडी साधारण ३४० ते ३६० ग्रॅम, प्रत्येक बाजूला ८ पोलादी पिना, क्रोमोली ॲक्सल. किंमत त्याच कंपनीच्या वरच्या ॲल्युमिनियम पेडलच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आतलं बेअरिंग आणि बुश (ॲक्सल ज्यात फिरतो ती गुळगुळीत नळी) बदलता येतं. खोलगटपणा जवळपास नाही, त्यामुळे पाय पेडलच्या आत बसल्यासारखा न वाटता वर ठेवल्यासारखा वाटतो. मध्यम मापाच्या पायाला आणि सर्वसाधारण ट्रेलला याच्यात उणं काढायला फार जागा नाही.

वनअप कंपोझिट. हेही कॅनडाचं. ११५ × १०५ मिलिमीटर म्हणजे चेस्टरपेक्षा जरा ऐसपैस, प्रत्येक बाजूला १० पिना, आणि त्या उलट्या बाजूने बसणाऱ्या. पिना बारीक आणि उंच आहेत, पकड या यादीत सगळ्यात करकचून. बॉडी मध्ये किंचित फुगीर आहे हे पट्टी ठेवली की दिसतं, पण पिनांची उंची ते भरून काढते. पकड नको इतकी वाटली तर काही पिना काढा. मोठ्या पायाला हीच पहिली पसंती. लहान पायांसाठी याचीच छोटी आवृत्ती आहे.

डीइटी डेफट्रॅप. ११३ × १०३ मिलिमीटर, जाडी १८, बाजूला १० पिना. वजन चेस्टरपेक्षा थोडं जास्त, बांधणी दणकट. उड्या मारणाऱ्यांना आणि वजनदार चालवणाऱ्यांना पसंत पडतं.

क्रँकब्रदर्स स्टॅम्प १. पेडल बुटाच्या मापावर निवडावं ही गोष्ट या मालिकेने मनावर घेतली. लहान माप युरोपीय ३७ ते ४३ साठी, मोठं ४३ ते ४९ साठी. फार लहान किंवा फार मोठा पाय असेल तर इथून सुरुवात करा. पकड वनअपच्या तुलनेत सौम्य.

डीएमआर व्ही६ आणि व्ही११. नावं शेजारची, पेडलं वेगळी, आणि इथेच घाईत चूक होते. व्ही६ च्या पिना साच्यातल्या आहेत. शहरात फिरायला, मुलांच्या सायकलला उत्तम, कारण नडगी सोलत नाही. ट्रेलसाठी व्ही११ घ्या, त्यात बदलता येणाऱ्या धातूच्या पिना आहेत. याच ब्रिटिश कंपनीचं जुनं व्ही८ ॲल्युमिनियमचं आहे, जाड आणि जड आहे, पण त्याला ग्रीस भरायचं छिद्र असतं. पावसाचिखलात रोज चालणाऱ्या सायकलला ते आजही शोभतं.

शिमानो पीडी-जीआर५००. ॲल्युमिनियमच घ्यायचं असा हट्ट असेल तर निदान हे. प्रत्येक बाजूला बदलता येणाऱ्या ९ पिना, आणि आत बुशऐवजी सुटे छर्रे आणि कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट. छर्‍यांची ही जुनी पद्धत देखभाल मागते, पण खेळ आला तर कोन आवळून तो काढता येतो. बुश झिजलं तर बदलण्यावाचून उपाय नसतो.

रॉकब्रॉस, फूकर आणि त्या जातीची नायलॉन पेडलं. सगळ्यात स्वस्त. साचे एकमेकांशी इतके मिळतेजुळते की नाव झाकलं तर ओळखू येऊ नये. पोलादी पिना आणि सीलबंद बेअरिंग यांत मिळतं, पहिल्या दिवशीची पकडही वाईट नसते. फरक ॲक्सलच्या पोलादात आणि एका जोडीतून दुसऱ्या जोडीतल्या सारखेपणात पडतो. सुट्या बेअरिंगचं आणि बुशचं माप सहसा कुठे दिलेलं नसतं. साध्या ट्रेलला, कच्च्या रस्त्याला बिनधास्त घ्या. पाच-सहा फुटांवरून उडी मारणार असाल तर नको.

हातात घेऊन काय बघायचं

पेडल बोटाने गरकन फिरवून ते किती वेळ फिरतं हे बघणारे बरेच असतात. ही परीक्षा उलटी आहे. नवं, नीट ग्रीस भरलेलं, घट्ट सील असलेलं पेडल दोन-तीन फेऱ्यांत थांबतं. भिंगरीसारखं फिरत राहिलं तर आत ग्रीस कमी आहे किंवा सील नाही. शिवाय पाय उचलला की असं पेडल स्वतःच फिरतं आणि परत ठेवताना सपाट बाजूऐवजी कड पायाखाली येते.

त्याऐवजी ॲक्सल धरून पेडल आत-बाहेर आणि वर-खाली हलवा. कट असा हलका आवाज आला तर खेळ आहे. नव्यात तो नसावा. मग ॲक्सल सावकाश फिरवत आट्यांकडचं टोक बघा; ते वर्तुळात डुलत असेल तर ॲक्सल वाकडा आहे. वापरलेल्या पेडलची ही तपासणी चुकवू नका, कारण वाकडा ॲक्सल सायकलवर प्रत्येक फेरीला घोट्याला मुरड देत राहतो आणि चालवणारा बुटाला दोष देत बसतो.

बहुतेक पेडलांत क्रँककडच्या (पेडल ज्या दांड्याला बसतं त्याच्याकडच्या) बाजूला बुश आणि बाहेरच्या टोकाला छोटं बेअरिंग असतं. जास्त भार बुशवर येतो, म्हणून आधी खेळ येतो तो तिथेच.

बसवणं

तीन तुकड्यांच्या क्रँकचे आटे ९/१६ इंचाचे असतात, मुलांच्या किंवा जुन्या एकसंध क्रँकचे १/२ इंचाचे. पेडल मागवण्याआधी एवढं बघून घ्या. डाव्या पेडलचे आटे उलटे. ॲक्सलवर एल आणि आर कोरलेलं असतं, ते दोनदा वाचा, कारण ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये पोलादी ॲक्सल चुकीचा किंवा तिरका घुसवला तर मरतात ते क्रँकचे आटे, पेडलचे नाही.

दोन्ही आटे पुसा, ॲक्सलला ग्रीसचा पातळ हात फिरवा. पहिले तीन-चार फेरे फक्त बोटांनी. अडलं तर जोर लावू नका, काढून पुन्हा सरळ धरा. लक्षात ठेवायची खूण अशी: पान्हा ॲक्सलवर वरून लावला असेल तर दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाकडे ओढलं की घट्ट होतं, मागे ओढलं की सुटतं. बऱ्याच नव्या पेडलांना १५ मिलिमीटर पान्ह्याच्या सपाट बाजूच नसतात. मागून ६ किंवा ८ मिलिमीटरची ॲलन की लागते. शेवटचा जोर ३५ ते ४० न्यूटन-मीटर. कार्बन क्रँक असेल आणि त्याच्या कंपनीने वॉशर दिला असेल तर तो मध्ये टाकाच.

जुनी पेडलं काढताना साखळी मोठ्या चक्रीवर ठेवा. पान्हा झटक्यात सुटला तर बोटं दात्यांवर जातात. आटे गंजून बसले असतील तर पातळ तेल टाकून रात्रभर थांबा, मगच लांब पान्हा.

डावे आटे उलटे का, याचं उत्तर लोक बेअरिंगच्या घर्षणावर ढकलतात. ते चूक आहे. घर्षण तर पेडल सोडवायलाच बघतं. पण भाराखाली ॲक्सल आपल्या भोकात सूक्ष्म लोळतो आणि त्या लोळण्याने तो घर्षणाच्या उलट्या दिशेने फिरतो. आटे त्या फिरण्याला घट्ट होण्याकडे वळवतात. म्हणूनच बेअरिंग पार जाम झालं तर हिशेब उलटतो आणि पेडल चालता चालता सुटू शकतं. पेडल जड फिरायला लागलं तर ते पुढच्या महिन्यावर टाकू नका.

बूट आणि देखभाल

कडक रबराच्या, खोल खोबणीच्या धावण्याच्या बुटांवर वनअपही घसरेल. पिनेला सपाट, मऊ रबर लागतं. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील आणि पायात असे बूट असतील, तर पेडल चेस्टरपेक्षा एक पायरी खालचं घ्या आणि उरलेले पैसे फ्लॅट पेडलच्या बुटांत घाला. मधला भाग कडक असलेला तळ पेडलभर भार पसरतो आणि लांब चढावर पाय थकत नाहीत. पिनांपासून वाचवणारे पॅड नडगीला लावायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण नव्या पिनांच्या पहिल्या दोन आठवड्यांत लावलेले बरे.

ग्रीस सहा महिन्यांनी बदला. चिखलपाण्यात चालत असेल तर तीन महिन्यांनी. बाहेरच्या टोकाचं बूच काढा, आतला छोटा नट बॉक्स पान्ह्याने सोडा, ॲक्सल बाहेर ओढा. बुश आणि ॲक्सल पुसा, ॲक्सलवर जिथे बुश फिरतं तिथे खोबण पडली आहे का ते नखाने चाचपा. नख अडकलं तर नुसतं बुश बदलून भागत नाही, ॲक्सलही बदलावा लागतो. नवं ग्रीस लावून बसवा आणि नट एवढाच आवळा की खेळ जाईल, पण पेडल अडखळणार नाही. जास्त आवळलं की छोटं बेअरिंग काही फेऱ्यांतच करकरायला लागतं.

पेडलमधून येणारी कुरकुर पुष्कळदा पेडलची नसतेच. आवाज फक्त उभं राहून जोर लावताना येत असेल, तर पेडल काढून आटे पुसा, ग्रीस लावा, परत आवळा. निम्म्या वेळा तो तिथेच थांबतो. तरी आला तर पुढे क्रँकचे बोल्ट बघायचे, आणि त्यानंतर सीटपोस्ट.